आधी कडवं पूर्ण कर

कवीला लिहिता येईनासं झालं म्हणजे त्याला शब्द सुचत नाहीत, असा एक समज आहे. माझं तसं झालं नव्हतं. शब्द येत होते, अधूनमधून बरी ओळही येत होती. पण ती कागदावर उतरली रे उतरली की दुसरी यायच्या आत तिचा निकाल लागायचा. ही आधी कुठेतरी लिहिली आहे. ही फार गोड झाली. हे सगळं मीच मला सांगायचे आणि वही मिटून स्वयंपाकाला लागायचे. अशा एकेकट्या ओळींनी पानंच्या पानं भरली. दिवाळी अंकांची पत्रं आली की ‘यंदा जमणार नाही’ असं कळवायचे. पुढे पुढे पत्रं येणंही कमी झालं.

याची सुरुवात एका चांगल्या गोष्टीतून झाली होती. माझा संग्रह निघाला तेव्हा त्यातली एक कविता लोकांनी फार उचलून धरली. उंबरठ्याशी वाट पाहत बसलेल्या बाईची ती कविता. इथे ग्वाल्हेरात, शहराच्या ‘लष्कर’ या भागातल्या मराठी मंडळींत, गणेशोत्सव असो, कोजागरी असो, कुणाकडचं हळदीकुंकू असो, ‘ती म्हणा ना’ असा आग्रह व्हायचा. ऐकता ऐकता एखाद्या काकू डोळ्यांना पदर लावायच्या. ते प्रेम खरं होतं, आजही मला त्याचं मोल आहे. पण त्यानंतर मी जे लिहायला घेई ते त्याच वळणावर जाऊ लागलं. सुरुवात कुठूनही करा, शेवटी सांज व्हायची, उंबरठा यायचा आणि कुणीतरी कुणाची तरी वाट पाहायचं. हाताला ते पाठ झालं होतं. टीकेमुळे कवी गप्प होतात असं म्हणतात. मी तरी कौतुकानंतर अडलेले जास्त पाहिले आहेत. लोकांना काय आवडतं ते एकदा कळलं की मनात एक परीक्षक येऊन बसतो आणि ओळ पुरती व्हायच्या आधीच तिला गुण द्यायला लागतो.

ग्वाल्हेरात राहून मराठीत लिहिणाऱ्याच्या परीक्षकाला तर आणखी एक काम असतं. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला आणि त्या तळाचंच ‘लष्कर’ हे शहर झालं. शिंदे की छावनी, निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ ही नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. आमच्यासारखी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मी शाळेत संस्कृत शिकवते तेही हिंदीतूनच. त्यामुळे ओळ लिहिली की मागोमाग शंका यायची, हे मराठीत सुचलं की हिंदीत? एका संपादकांनी कविता परत पाठवताना ‘भाषा जरा हिंदी वळणाची वाटते’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मी कित्येक महिने डोक्यातून काढू शकले नाही.

उपाय करून पाहिले. पहाटे उठून बसले, नवी वही आणली. न थांबता, न खोडता, मनात येईल ते लिहीत सुटायचं, हा उपाय बरेच जण सांगतात, तोही केला. त्याने हात मोकळा होतो, हे खरं. माझ्या हातून मात्र त्यात तक्रारी आणि सामानाच्या याद्याच निघाल्या. भरपूर वाचा, असंही सांगतात. माझं मत विचाराल तर अडलेल्या दिवसांत थोरामोठ्यांच्या कविता वाचू नयेत. त्यांची प्रत्येक चांगली ओळ परीक्षकाच्या बाजूने साक्ष देते.

वाट मिळाली ती आत्यांमुळे.

आत्या म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. आमचं घर जनकगंजातलं, जुनं, चौकाचं. माजघराच्या पलीकडची खोली आत्यांची. तरुणपणी त्या इथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या. माधवराव शिंद्यांनी १९१८ साली भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेली ही संस्था. आता आत्यांनी ऐंशी ओलांडली आहे, आवाज जाड झालाय, पण लय तशीच पक्की. आसपासच्या मुली संध्याकाळी त्यांच्याकडे गाणं शिकायला येतात.

त्या दिवशी मी माजघरात मेथी निवडत बसले होते. आत यमन राग चालला होता. एका मुलीने बंदिशीचा पहिला भाग, म्हणजे स्थायी, म्हटली आणि दुसरा भाग, म्हणजे अंतरा, सोडून लगेच ताना घ्यायला लागली. गळा छान होता तिचा. आत्यांनी मांडीवर थाप मारून तिला थांबवलं.

“अंतरा कुठाय?”

“आत्या, अंतरा येतो मला. नंतर म्हणते ना.”

“नंतर नाही. आधी बंदिश पूर्ण कर. अर्ध्यावरून फिरत करायला लागलीस तर तुला कळणारच नाही, तू कशात फिरून राहिलीस ते.”

ग्वाल्हेर गायकीची ही शिस्तच आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्यापासून शंकर पंडित, कृष्णराव पंडित यांच्यापर्यंत ज्यांनी ही गायकी घडवली आणि जपली, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी महाराष्ट्रात नेली, तिच्यात बंदिशीला फार मान. स्थायी आणि अंतरा, दोन्ही नीट म्हणायचे, बंदिशीचा सगळा आकार समोर ठेवायचा आणि मग विस्ताराला लागायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, या घरात इतकी वर्षं राहून ते कानावर पडतच होतं. पण त्या दिवशी मेथीची जुडी हातात तशीच राहिली. मी काय करत होते? एक ओळ लिहून तिच्यावरच फिरत होते. अंतरा तर सोडाच, माझी स्थायीही पुरी होत नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर मी आत्यांना म्हटलं, “कवितेतही तसंच असेल का हो, आत्या?”

“मला कवितेतलं काय कळतं?” त्या म्हणाल्या. “पण तू एक लिहितेस आणि चार खोडतेस, ते दिसतं ना मला. किती मात्रांचं लिहितेस?”

मी म्हटलं, मी मुक्तछंदात लिहिते.

“मग काही दिवस नको लिहूस. सोळा मात्रांचं लिही. मी ठेका धरते. चार ओळी होईस्तोवर खोडायचं नाही. आणि विषय मी देणार.”

“कोणता?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चौकापलीकडची खोली चुलत दिरांच्या वाटणीची. ते पुण्याला गेले त्याला जमाना झाला. “त्या कुलपावर लिही,” आत्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

मराठी छंदशास्त्रात सोळा मात्रांच्या ओळीचं पादाकुलक हे जातिवृत्त आहे. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात आधीच्या ऱ्हस्वावर आला तर त्याच्याही दोन धरायच्या. ‘किल्ली’तल्या ‘कि’च्या म्हणून दोन, ‘कुठल्या’तल्या ‘ठ’वर आघात येत नाही, म्हणून त्याची एकच. हे सगळं मी मुलांना वर्गात शिकवते. पण त्या रात्री आत्यांच्या विषयावर लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा ते बोटांवर मोजलं:

दारावरती कुलूप गंजे
किल्ली गेली कुठल्या सांजे

आठ-आठ, आठ-आठ. दोन ओळी झाल्या आणि परीक्षक बोललाच नाही. तेव्हा माझ्या हे लक्षातही आलं नाही. मी पुढची अक्षरं मोजत होते. मात्रा मोजताना मन इतकं गुंतलेलं असतं की ओळ चांगली की वाईट हा विचार करायला त्याला सवडच मिळत नाही. छंदाचा हा उपयोग मला कोणत्याही पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही, आणि माझ्यापुरता तोच सगळ्यांत मोठा ठरला. पुढच्या दोन ओळीही आल्या:

उंबरठ्याला अजून वाटे
येइल कोणी भल्या पहाटे

मात्रा चोख. आणि पुन्हा तोच उंबरठा, तीच वाट पाहणं! पण नियमाप्रमाणे चार ओळी पूर्ण झाल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पुरं झालेलं माझ्यासमोर होतं, आणि पुरं झालेलं असल्यामुळे त्यात काय बिनसलंय तेही स्वच्छ दिसत होतं. पहिल्या दोन ओळी कुलपाच्या होत्या. पुढच्या दोन माझ्या जुन्या कवितेच्या.

सकाळी आत्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी तीनतालाचा ठेका धरला. तीनतालही सोळा मात्रांचा. चार-चारांचे चार विभाग, पहिल्या (तिला सम म्हणतात), पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. म्हणजे पादाकुलकाचा दुसरा अर्धा बरोबर ‘खाली’च्या मात्रेवर सुरू होतो. ‘दारावरती’ समेवर, ‘कुलूप’ ‘खाली’वर. आत्या म्हणाल्या, “नववीला हात उघडतो बघ. तिथे ओझं नको टाकूस.” मग कडवं पुरतं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, “तू कुलूप बघून आलीस का?”

नव्हते आले. इतकी वर्षं रोज त्याच्यासमोरून जाते, बघायचं काय त्यात, असं वाटलं होतं. चहा झाल्यावर गेले. पितळी कुलूप, वरची दांडी लोखंडाची. गंज होता तो दांडीला, आणि त्याचे ओघळ पितळेवर उतरलेले. किल्लीच्या भोकावरची झडप एका बाजूला सरकून तशीच अडकली होती. मी वाकून बघत होते तेवढ्यात एक मुंगी दारावरून कुलपावर आली, भोकात शिरली, जराशाने बाहेर आली आणि आल्या वाटेने निघून गेली.

मी तिथेच उभ्या उभ्या, बोटांवर मात्रा मोजत:

भोकामध्ये मुंगी शिरते
घर आहे का बघून परते

आता कडवं असं झालं:

दारावरती कुलूप गंजे
किल्ली गेली कुठल्या सांजे
भोकामध्ये मुंगी शिरते
घर आहे का बघून परते

हे काही थोर काव्य नव्हे. पण मला ते माझ्या जुन्या कवितेच्या तावडीतून सुटलेलं वाटलं, आणि तो आनंद किती होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही. वाट पाहणारी बाई गेली होती. तिच्या जागी एक मुंगी होती, आणि ती मी मनातून काढलेली नव्हती, समोर बघितली होती. मात्रांनी मला लिहीत ठेवलं आणि मुंगी कुलपाने दिली. दोन्ही लागतं. नुसतं मोजत बसलं असतं तर उंबरठाच चालू राहिला असता. नुसतं बघत बसलं असतं तर पहिल्या ओळीपाशी पुन्हा परीक्षक उभा राहिला असता.

त्यानंतर आत्या रोज विषय देऊ लागल्या. विजेचं मीटर. गच्चीवरची तार. बेडई तळणाऱ्याचा झारा. दुधाचं पातेलं. विषय दिला की आधी जाऊन बघायचं, जमलं तर हात लावायचा, मग चार ओळी. बरीच कडवी वाईट झाली, काही तर नुसती यमकं जुळवलेली. ती सगळी वहीत आहेत, एकही फाडलं नाही. शाळेत जायच्या आधी लिहायचं, संध्याकाळी मुली यायच्या आधी आत्यांना म्हणून दाखवायचं. त्या कवितेबद्दल चांगलं-वाईट कधी बोलत नसत. लय कुठे अडखळली तेवढं सांगत, आणि कधी कधी ‘हे बघितलंस की ऐकलंस?’ असं विचारत. मला त्याचा फार आधार वाटायचा. अडलेल्या कवीला वाचक लगेच नको असतो. कुणीतरी ठेका धरणारं मात्र हवं असतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

वहीच्या मागच्या पानावर मी काही शब्द लिहून ठेवले आणि ते वापरायचे नाहीत असं ठरवलं. उंबरठा, सांज, ओंजळ, हुंदका, पाऊलवाट. शब्द वाईट नाहीत, माझ्याकडून झिजले होते इतकंच. ‘कुठल्या सांजे’ तेवढं राहू दिलं, ते या बंदीच्या आधीचं. आणि प्रत्येक कडव्याखाली तारीख, जागा आणि मात्रांचा हिशेब लिहायला लागले. ही सवय मी ग्वाल्हेर दरबारचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्याकडून घेतली. त्यांच्या छापील संग्रहात अनेक कवितांसोबत वृत्ताची जाती, राग, ठिकाण आणि तारीख दिलेली असते. लहानपणी ते वाचताना मला ती उगाचची माहिती वाटायची. आता वाटतं, कविता अमुक ठिकाणी अमुक दिवशी केलेलं काम आहे, हे त्यातून कवीला स्वतःलाच दिसतं. मुहूर्ताची वाट पाहणं त्याने कमी होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल किल्ल्यावर गेली. ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, छोटंसं, विष्णूचं देऊळ. तिथल्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे म्हणून गणिताच्या बाईंना मुलांना तो दाखवायचाच होता. भारतातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव शून्यांपैकी हे एक; लेख संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. मुलं ‘कुठाय, कुठाय’ करत शून्य शोधत होती. लेख संस्कृतातला, म्हणून मजकूर समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. देवासाठी फुलबाग दिली आहे, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि त्या बागेतून रोज ५० माळा देवाला द्यायच्या आहेत. ते शून्य या २७० मध्ये आणि ५० मध्ये आहे.

मुलांना सांगता सांगता मीच त्या आकड्यापाशी थांबले. रोज ५० माळा! थंडीत ठीक आहे. पण ग्वाल्हेरचा ज्येष्ठ? इथे उन्हाळ्यात झाडाखालची मातीसुद्धा भाजून निघते. तेव्हाही त्या माळ्याला सकाळी पन्नास माळांपुरती फुलं गोळा करावीच लागत असणार. ज्या दिवशी मोगरा नसेल त्या दिवशी कण्हेर, कण्हेर नसेल तर आणखी काही. चांगली फुलं असतील तेव्हाच माळ, असं देवाला सांगता येत नाही. साडेअकराशे वर्षांपूर्वी कुणी त्या बागेत वाकून फुलं वेचली असतील, त्याच्याबद्दल मला एकदम फार जवळीक वाटली. माझी तर रोजची एकच माळ, तीही चार ओळींची.

डिसेंबरात तानसेन समारोह आला. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी सकाळी शहनाई होते, मग ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद. ही जुनी रीत. मी आत्यांना घेऊन जाते. रात्रीच्या एका मैफलीत विलंबित तिलवाड्यात ख्याल चालू होता. तिलवाडा हा तालही सोळा मात्रांचाच. गवई बंदिशीची एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत होते, शब्द तेच, पण दर वेळी ते वेगळ्या मात्रांवर पडत होते. एकदा शब्द समेच्या आधी संपायचा, एकदा समेवरून पुढे जायचा. याला बोलबांट म्हणतात. आत्या कानाशी पुटपुटल्या, “तुझी ओळ अशी कधी फिरवून बघितलीस का?”

घरी येऊन कुलपाचीच ओळ घेतली. ‘दारावरती कुलूप गंजे’. उलटी केली, ‘कुलूप गंजे दारावरती’. मात्रा तितक्याच, पण आता डोळा आधी कुलपावर पडतो आणि दार मागून येतं. मग ‘गंजे दारावरती कुलूप’. यात ‘दारावरती’ नेमका आठव्या मात्रेवर मोडतो, अर्धा शब्द इकडे आणि अर्धा ‘खाली’वर. ओळ लंगडते. म्हणजे मूळ ओळ का बरी वाटत होती ते आता कानाला कळलं. शेवटच्या ओळीत तर अर्थच बदलला. ‘घर आहे का बघून परते’ हे एक सरळ वाक्य. ‘बघून परते, घर आहे का’ असं केलं की मुंगी गेली आणि प्रश्न तेवढा माझ्यापाशी राहिला. कोणती ठेवायची यावर मी बरेच दिवस घालवले. गवयाला एकापाठोपाठ दोन्ही घेता येतात, कवीला एकच छापावी लागते. शेवटी पहिलीच ठेवली, कारण प्रश्न विचारून संपवणं ही माझी आणखी एक जुनी खोड. पण या फिरवाफिरवीत ओळीशी खेळायची जी सवय लागली ती फार मोलाची निघाली. पूर्वी ओळ बदलायची म्हणजे ती नापास झाली असं वाटायचं. आता बदलणं हाच लिहिण्याचा भाग वाटायला लागला.

इतर वृत्तंही करून पाहिली. भुजंगप्रयात मला सोसलं नाही. बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गण (लघु म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरु म्हणजे दोन मात्रांचं). लहानपणापासून दिवेलागणीला त्या चालीत जे म्हटलं ते सगळं उपदेशाचं, त्यामुळे त्यात लिहायला लागले की विजेच्या मीटरवरही उपदेश सुटायचा. ओवी फार मोकळी; माझ्यासारख्या अडलेलीला सुरुवातीला इतकी मोकळीक उपयोगाची नव्हती. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार जमले, आणि त्यातला तो चार अक्षरांचा शेवटचा चरण शब्द तोलून वापरायला शिकवतो.

आणि मग छोटी लाइन आली.

ग्वाल्हेर ते श्योपूर अशी दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी होती, सुमारे दोनशे किलोमीटरची. शिंद्यांच्या काळात सुरू झालेली, २०२० साली बंद झाली; आता तिथे मोठी लाइन होते आहे. आत्यांचं आजोळ त्या मार्गावरचं. एके दिवशी विषय विचारला तर म्हणाल्या, “छोटी लाइन.” आणि पहिल्यांदाच विषयाबरोबर स्वतः बोलायलाही लागल्या. टपावर बसलेली माणसं, शेळ्या, गुळाच्या ढेपा, गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं गोळा करून पुन्हा चढायची.

ही बघायला जायची सोय नव्हती. मग आत्यांनाच प्रश्न विचारत बसले. डब्याचा वास कसला? खिडकीला गज होते का? खाली उतरताना पाय कुठे ठेवायचात? नेहमीप्रमाणे पादाकुलकात सुरुवात केली. दोन कडवी झाली आणि बघते तर गाडीचा ठेका आणि छंदाचा ठेका एक होऊन बालगीत तयार झालेलं. झुकझुक तेवढी ऐकू येत होती, टपावरची माणसं नाहीशी झाली होती. तिसऱ्या कडव्यात ओळ सोळा मात्रांत मावेना. आत्यांच्या वडिलांनी टपावरून खाली वाकून खिडकीतून लेकीच्या हातात बोरं दिली, हे सोळांत कसं बसवू? मी ओळ लांबू दिली. पुढची आणखी लांबली. मग मोजायचं थांबवलं आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत राहिले. सकाळी वहीत एक लांब कविता होती, मुक्तछंदातली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग. त्यात वाट पाहणारं कुणीच नव्हतं. ‘बोरं घेऊन राहिली’ असं आत्यांच्या तोंडचं ग्वाल्हेरी मराठी होतं, ते मी पुसलं नाही. ते पुसावंसं वाटलंच नाही, हे मला नंतर, कविता नीट उतरवून काढताना लक्षात आलं.

आत्यांना म्हणून दाखवली. सवयीने त्यांनी मांडीवर हात ठेवला, दोन-चार ओळींनंतर उचलला आणि शेवटपर्यंत नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “गाडीत बोरं आंबट होती. तू गोड लिहिली आहेस. तेवढं बदल.”

बदललं. ती कविता एका दिवाळी अंकाला पाठवली, ‘हिंदी वळणा’सकट.

रोजचं कडवं मात्र सोडलेलं नाही. मुक्तछंद परत आला म्हणून मात्रा सोडून द्याव्यात असं मला वाटत नाही. इतक्या कष्टाने कान जागा झालाय, त्याला रोज थोडं काम हवंच. सध्या मंदाक्रांता घेतलं आहे. सतरा अक्षरं, चारांवर आणि मग सहांवर यती, म्हणजे थांबा, उरलेली सात. सुरुवातीचे चार गुरू, मग सलग पाच लघु, आणि इथेच हात अडकतो, कारण रोजच्या बोलण्यात पाच लघु एका ओळीने फारसे येत नाहीत. एकूण मात्रा सत्तावीस. आत्या म्हणाल्या, “सत्तावीसचा ठेका मला येत नाही, हे तुझं तू बघ.” पण विषय त्यांनीच दिला, मांजर. ती दुपारी तुळशीपाशी काहीतरी करत होती. बराच वेळ तिच्याजवळ बसून एक ओळ मिळाली:

काळी माती उकरत बसे मांजरी पायरीशी

‘उकरत ब’ हे पाच लघु सापडले तेव्हा मी मोठ्याने हसले आणि मांजर पळून गेली. आता उरलेल्या तीन ओळींसाठी ती परत यायला हवी.